छप्परमास्तर गाडी घेतात

छप्परमास्तरांना कुठलीही गाडी दाखवली की ते आधी वर बघत. इंजिन कसलं, पळते किती, पेट्रोल पिते किती, ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. छप्पर कापडी की पत्र्याचं, शिलाई एकेरी की दुहेरी, कडेची दोरी कुठं उसवलीय, एवढं पाहिलं की गाडी त्यांना समजली. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. जीपची हुडं शिवली, टेम्पोच्या ताडपत्र्या शिवल्या, मोटारींच्या गाद्या शिवल्या. दुकान म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात बैलासारखं जाडजूड शिलाई मशीन, भिंतीला टेकवून उभे केलेले रेक्झिनचे तागे, आणि मास्तरांच्या ओठांत कायम एक दाभण. एकदा गडबडीत त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाहीच सीटला शिवून टाकली होती. गिऱ्हाईकानं गाडी सुरू केली, तेव्हा मास्तर खिडकीतून अर्धे आत आणि अर्धे बाहेर. "अहो थांबा, मलाही शिवलंय!" म्हणून ओरडत ते वीस पावलं गाडीबरोबर पळाले, ती गोष्ट सगळ्या गॅरेजांच्या गल्लीत अजून सांगतात.

ह्या गोष्टीला सगळ्यांत जास्त हसायची ती त्यांची बायको. पण तीन वर्षांपूर्वीपासून तिचं हसणंच आटलं.

झालं होतं असं. ती चष्मा बदलायला म्हणून एका सहा मजली इमारतीत गेली. सुट्टीचा दिवस, दुकान बंद, इमारतीत चिटपाखरू नाही. ती परत फिरली, लिफ्टमध्ये शिरली, आणि लिफ्ट तिसऱ्या नि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. चार तास. घंटा वाजवून वाजवून बोट सुजलं, तरी कुणी आलं नाही. संध्याकाळी रखवालदार दिवे लावायला आला तेव्हा त्याला आतून बारीक आवाज ऐकू आला. बाई सतराचा पाढा म्हणत होती.

त्या दिवसापासून लिफ्ट गेली, बस गेली, रेल्वे गेली, कुणाची मोटारही गेली. बाजारात चालत, बँकेत चालत, बहिणीकडे दोन तास चालत. न्हाणीघराची कडी लावायची नाही. आत असली की मोठ्यानं पाढे म्हणायची, म्हणजे बाहेरच्यानं समजून घ्यावं. मास्तरांनी तिला त्या चार तासांबद्दल कधी विचारलं नाही. कुणी लिफ्टचं नाव काढलं की तिचे ओठ पांढरे पडत. मास्तर हळव्या काळजाचे. त्यांनी विषयच शिवून टाकला.

आता लेक आठ तासांच्या अंतरावर दिलेली. तिला मुलगी झाली, ती अकरा महिन्यांची झाली, आणि आजीनं नात बघितली ती फक्त फोनच्या काचेत. तेही निभलं असतं, पण जावयाची बदली झाली साता समुद्रापार. चार वर्षांसाठी. विमान पुढच्या रविवारी. लेकीला तिकडून हलता येत नव्हतं. घर रिकामं करायचं, कागदपत्रांसाठी रोज कचेरीत उभं राहायचं. शुक्रवारी तिचा फोन आला, ती म्हणाली, "आई, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला कळतं गं." हे 'कळतं' म्हणजे काय ते मास्तरांनी बायकोच्या तोंडाकडे बघून ओळखलं. तिनं फोन ठेवला आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायला घेतली.

रात्रभर मास्तर आढ्याकडे बघत पडले आणि सकाळी त्यांना एक गोष्ट आठवली. मागल्या वर्षी भाचीच्या लग्नाला बायको उघड्या टेम्पोत मागे बसून गेली होती. दीड तास! सतरंजीवर बसली, वाऱ्यानं केस उडाले, पण हूं की चूं नाही. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वर आभाळ हवं! छप्पर नसलं की झालं! आणि छप्पर काढणं-घालणं हे तर त्यांच्या हातचं काम.

रविवारी सकाळी ते जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर हजर. सोबत ठणठण मिस्त्री. हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त. इंजिनाचं काम करायचा, आणि समोर दिसेल त्या वस्तूला पान्यानं वाजवून बघायची त्याला खोड. गाडी, पिंप, नळ, फार काय, एकदा त्यानं सासऱ्यांचे नवे दातही वाजवून बघायचा विचार केला होता म्हणतात.

अड्ड्यावरच्या दलालाकडे त्या दिवशी दोन दारांच्या दोनच गाड्या होत्या. एक कूपे. म्हणजे बुटकी, पक्क्या पत्र्याच्या छपराची, मागच्या काचेकडे उतरत गेलेली. रंग गेलेला, जुन्या बुटासारखा. दुसरी कन्व्हर्टिबल. तिचं छप्पर कापडी, मागे दुमडून ठेवायचं, की आत बसलेल्याच्या डोक्यावर आभाळच आभाळ. लाल चुटुक. दोघींच्या किमती जवळजवळ सारख्या, आणि मास्तरांची आयुष्यभराची शिल्लक त्यातल्या एकीपुरती.

मास्तर सरळ लालकडे गेले. हूड चाचपलं, शिवण नखानं ओढून पाहिली, सांगाडा उलगडला, मिटला. "दुहेरी टाका आहे. मागची काच जरा पिवळी पडलीय, ती मी बदलीन. बाकी छप्पर फर्स्टक्लास."

"मास्तर, तू गाडी घेतोयस की तंबू?" मिस्त्री म्हणाला.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मला एवढं कळतं, की इकडं ये." मिस्त्रीनं कूपेच्या दाराखालच्या लांब पत्र्यावर पान्याची मूठ वाजवली. ठण्ण! "ऐकलंस? घट्ट. आणि आता हिचं ऐक." तो लाल गाडीपाशी उकिडवा बसणार, तोच दलाल धावत आला.

"मिस्त्री, टकटक बंद! रंग उडतो. कालच पॉलिश केलंय."

"बरं, वाजवत नाही. जॅकवर तरी चढवू दे. खालून बघतो."

"खाली काय बघायचंय? गाडी वरून सुंदर आहे. ह्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक बोलूनच बसलंय. पाच वाजता येतंय. तुम्हाला हवी तर तोवर सांगा, मास्तर. तुमची-आमची ओळख म्हणून थांबलोय." दलाल बोलायला लागला की त्याच्या तोंडातून शब्द तेल लावून बाहेर पडत.

मिस्त्रीनं मास्तरांना बाजूला घेतलं. "हे बघ, पक्क्या छपराची गाडी म्हणजे झाकणाची पेटी. चारी बाजूंनी धरलेली असते. हिला झाकण नाही, तेव्हा हिचा सगळा जोर तळाला नि ह्या दाराखालच्या उंबऱ्यांवर. ते जर आतून गंजले असतील, तर ही गाडी मधोमध वाकते. जुन्या खाटेसारखी. आणि हा बाबा मला वाजवू देत नाही. का नाही देत? तूच सांग."

"मला ती तुझ्या वहिनीसाठी हवीय रे," मास्तर म्हणाले. "तुला माहीत आहे सगळं. त्या कूपेत ती बसणार नाही. छप्पर बघितलंस तिचं? डोक्याला लागतं."

"तू विचारलंस वहिनींना?"

"विचारायचं काय त्यात? चाळीस वर्षं संसार केलाय. आणि तिला विचारलं तर ती नाहीच म्हणेल. समोर नेऊन उभी करतो."

मिस्त्रीनं पाना खिशात घातला. त्याला गिऱ्हाईकानं बोलावलं होतं, तो साडेचारपर्यंत येतो म्हणाला. जाता जाता मागे वळून ओरडला, "सही करू नकोस मी येईस्तोवर!"

तीनच्या सुमाराला मास्तर बायकोला घेऊन आले. अर्थात चालत. लाल गाडी बघून बाई फाटकातच थबकली.

"हे काय?"

"गाडी."

"ते दिसतंय. कुणाची?"

"तू हो म्हणालीस तर आपली. वर बघ. बघ तरी! छप्परच नाही. आज चक्कर मारायची, आणि बुधवारी निघायचं. लेकीकडे."

बाईनं पदर कमरेला खोचला, गाडीभोवती एक फेरी मारली, आत हात घालून सीट दाबून पाहिली. मास्तरांना वाटलं, आता ही वळणार आणि घरी चालायला लागणार. पण बाईनं दार उघडलं आणि बसली. बसल्यावर दार ओढलं तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. खाट्कन दार लागलं. तिनं डोळे उघडले, वर पाहिलं.

"चला," म्हणाली. "पण हळू."

मास्तरांना गाडी चालवता यायची ती गिऱ्हाइकांच्या गाड्या दुकानात आत-बाहेर करण्यापुरती. तरी परवाना होता. अड्ड्याबाहेर पडले, मोठ्या रस्त्याला लागले. वारा लागला. बाईनं दोन्ही हातांनी सीटची कड पकडली होती, ती एका हातानं सोडली. मग दुसऱ्या हातानं. एका कुत्र्यानं गाडीमागं धाव घेतली तेव्हा ती चक्क म्हणाली, "अहो, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतोय." तीन वर्षांत तिनं केलेली ही पहिली थट्टा. मास्तरांनी मनातल्या मनात कागदावर सही करून टाकली.

गोदामांच्या मागचा रस्ता खणून ठेवलेला होता. तिथं एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की दोघांचे दात वाजले. खालून 'कर्र' असा आवाज झाला. मास्तरांनी ऐकला आणि ऐकला नाही असं केलं. पुढे एका भिंतीशी पाण्याचा नळ होता.

"जरा थांबा," बाई म्हणाली. "तोंडावर धूळ बसलीय. धुऊन येते."

गाडी थांबली. बाईनं दाराची मूठ ओढली. दार उघडलं नाही. तिनं पुन्हा ओढली.

"घट्ट असेल," मास्तर म्हणाले. "खांद्यानं ढकल."

तिनं खांद्यानं ढकललं. दार हललंही नाही. मास्तर वाकून आडवे झाले, त्यांनी मूठ ओढली, ढकललं, पुन्हा ओढली. आतली कडी सुटल्याचा आवाज येत होता, पण दार वरच्या कोपऱ्यात चावून बसलं होतं. त्यांनी मान वर केली आणि बायकोच्या ओठांकडे त्यांचं लक्ष गेलं. पांढरे फटक.

"अगं, वर बघ! आभाळ आहे! उभी राहा, सीटवर उभी राहा, मी उचलतो तुला."

ती ऐकतच नव्हती. तिचे दोन्ही हात मुठीवर होते, नजर दाराच्या फटीवर. एवढं मोठं निळं आभाळ डोक्यावर, बाजूनं वारा वाहतोय, हात वर केला तर बाहेर, आणि ती म्हणायला लागली, "सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस."

मास्तर आपल्या बाजूनं उतरायला गेले, तर तिकडचंही दार तसंच! अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी दारावरून उडी मारली. विजार आरशाला अडकून फाटली, गुडघा फुटला. पळत पलीकडे गेले आणि बाहेरून मूठ धरून ओढलं, गाडीला पाय लावून ओढलं. नाही. सतरा पंचे पंच्याऐंशी. आवाज बारीक होत चालला होता.

आणि तेव्हा त्यांना मिस्त्रीचं बोलणं आठवलं. मधोमध वाकते. खड्ड्यात आदळून गाडी मध्ये बसली होती, आणि दोन्ही दारं चौकटीत आवळली गेली होती. म्हणजे मध्ये उचलली पाहिजे. त्यांनी डिकी उघडली, जॅक काढला, दाराखालच्या उंबऱ्याला लावला आणि फिरवायला लागले. चार वेढे झाले, आणि जॅक त्या पत्र्यात असा घुसला की जणू भिजलेला पुठ्ठा. आतून गंजाचा भुगा त्यांच्या मनगटावर सांडला. वर लाल पॉलिश, आत भुस्सा.

"सतरा नव्वे एकशे त्रेसष्ट..." बाई चुकली. ती पाढ्यात कधी चुकत नसे. मास्तरांना ते चुकणं जास्त भयंकर वाटलं.

ते पोटावर आडवे झाले. फुटक्या गुडघ्यावर सरपटत गाडीखाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते गाडीकडे खालून बघत होते. मध्ये एक आडवा जाड दांडा होता, तेवढा धड दिसत होता. रस्त्याच्या कडेला फळीचा तुकडा पडला होता तो घेतला, जॅकच्या डोक्यावर ठेवला, दांड्याला टेकवला. "थांब गं, आलो. आलो. ऐकतेस ना? मी इथंच आहे, तुझ्या पायाखाली." एकेक वेढा. गाडी कण्हली. आणखी एक वेढा. वरच्या कोपऱ्यातली फट बोटभर मोठी झाली, आणि दार आपलं आपण, कुणी हात न लावता, सुटून उघडं पडलं.

बाई उतरली नाही, सांडली. भिंतीपर्यंत गेली आणि नळाखाली डोकं धरून बसली. मास्तर शेजारी जाऊन बसले. डोकं वर करून ती बोलली.

"तुम्हाला काय वाटलं? मला छपराची भीती वाटते?"

"मग?"

"न्हाणीघराला छप्पर नाही? घराला नाही? मी तीन वर्षं अंगणात झोपतेय का?"

मास्तर गुडघ्यावरचं रक्त पुसू लागले.

"त्या लिफ्टमध्ये दिवा चालू होता. पंखाही होता वर. जागा चांगली ऐसपैस. दार उघडायचं बटण होतं, त्याच्यावर खूणसुद्धा होती. मी दाबलं. नाही उघडलं. पुन्हा दाबलं. चार तास दाबलं. काळोख असता ना, तर बरं झालं असतं. पण सगळं चांगलं होतं, आणि माझ्या हातानं काही होत नव्हतं." तिनं ओल्या पदरानं तोंड पुसलं. "टेम्पोला मागे फळकूट होतं, ते मी निघायच्या आधी दोनदा पाडून बघितलं. तुम्ही बघितलं नाहीत. तुम्ही गुंडाळून ठेवलेली ताडपत्री बघत होता."

मास्तर म्हणाले, "तू सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी."

मास्तरांनी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला, आणि थोड्या वेळानं परत दिला.

गाडी अड्ड्यावर नेली ती वरातीसारखी. दार आता लागेना, म्हणून मास्तरांनी ते खिशातल्या दोरीनं बांधलं, आणि पायी चालण्याच्या वेगानं गाडी चालवली. बाई फुटपाथवरून बरोबरीनं चालत होती. एकाएकी थांबून तिनं विचारलं, "तिथं दुसरी एक होती ना? काळपट?"

"ती कूपे. तिला पक्कं छप्पर आहे."

"पुन्हा छप्पर! दार कसं आहे तिचं?"

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. त्यांनी त्या गाडीचं दार पाहिलंच नव्हतं.

अड्ड्यावर मिस्त्री येऊन बसला होता, आणि पाच वाजायच्या आतच दुसरं गिऱ्हाईकही आलं होतं. एक चष्मेवाला तरुण, त्याची नवी नवरी. दोघं लाल गाडीची वाट बघत होती. दलालानं दोरी पाहिली, मास्तरांची फाटकी विजार पाहिली, आणि घाईनं पुढे येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्हाला नको असेल तर नको. पण गप्प राहा. कूपेच्या किमतीत तुमच्यासाठी कमीजास्त करीन."

मास्तर घुटमळले. गाडी तर आजच हवी होती. हा माणूस उखडला तर दुसरा अड्डा आता कुठं शोधायचा, आणि बुधवार तर तोंडावर. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. पण बाई कुणाकडे न बघता सरळ त्या नव्या नवरीपाशी गेली.

"मुली, ह्या गाडीचं दार अडकतं. खाली सगळं कुजलंय. आत्ता मी आत अडकले होते."

दलालाचा चेहरा काळवंडला. मिस्त्रीला कुणी परवानगी दिली नव्हती, तरी त्यानं पाना काढून लाल उंबऱ्यावर वाजवला. ठण नाही नि ठुण नाही. ओल्या मातीत काठी मारावी तसं 'भद्'. ती दोघं निघून गेली.

"झालं समाधान?" दलाल म्हणाला. शब्दांवरचं तेल आता संपलं होतं. "आता तुम्हाला कूपे देत नाही, जा."

"नका देऊ," बाई म्हणाली. "आधी बघू तर द्या."

दलाल तिच्याकडे बघतच राहिला, आणि तेवढ्यात ती कूपेपाशी पोचलीसुद्धा. दार लांबरुंद होतं, दोन दारांच्या गाडीला असतं तसं. तिनं ते उघडलं, लावलं. उघडलं, लावलं. आत बसून लावलं, उघडलं. मग मास्तरांना आत बसवलं आणि उघडलं. मग मिस्त्रीलाही मागे कोंबलं. तो गुडघे हनुवटीला लावून बसला, "वहिनी, माझं कोण उघडणार?" म्हणून ओरडला. मग तिनं गाडीचं एक चाक फुटपाथवर चढवायला लावलं आणि तशा तिरक्या गाडीत बसून दार उघडलं. खाट्, खुट्. खाट्, खुट्. दर वेळी तोच आवाज, आणि दार लोण्यातून सुरी गेल्यासारखं.

"अहो बाई, निखळेल ते!" दलाल म्हणाला.

"निखळलं तर बरंच आहे."

दलालाला हसू दाबता आलं नाही, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा रागावणं जड जातं. शिवाय लाल गाडी आता त्याच्या गळ्यातच पडली होती. निदान एक तरी विकली जाऊ दे, असा त्यानं हिशोब केला असावा. तासाभरात कागद झाले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. दारं उघडून बघणं वेगळं, आणि छपराखाली, बंद दारात, चालत्या गाडीत बसणं वेगळं. बाई बसली. तिचा एक हात दाराच्या मुठीवर, दुसरा काच खाली-वर करायच्या दांडीवर. मास्तरांनी किल्लीवरचा हात मागे घेतला. हिनं चालत्या गाडीत दार उघडलं तर?

"एक ठरवू," ते म्हणाले. "तू 'थांबा' म्हणालीस की मी थांबणार. कुठंही. का म्हणून विचारणार नाही. पण थांबल्याशिवाय मुठीला हात नाही."

"मागे हॉर्न वाजवणारे असले तरी?"

"मागे राष्ट्रपती असले तरी."

अड्ड्यापासून घरापर्यंत पायी पाऊण तासाचा रस्ता. ती अकरा वेळा 'थांबा' म्हणाली. दर वेळी गाडी कडेला, दार उघड, एक पाय रस्त्यावर, पाय आत, दार बंद, चला. लोक शिव्या देत होते. मास्तर खिडकीतून हात जोडत होते. सोमवारी सात वेळा. मंगळवारी, बाजारापर्यंत जाऊन यायला, चार.

बुधवारी पहाटे निघाले. दुपारपर्यंत सगळं बरं चाललं होतं, आणि मग नदी आली. नदीवर पाऊण कोसाचा पूल, आणि पुलाच्या तोंडाशी पाटी : थांबू नये. मास्तरांनी पाटीच्या अलीकडे गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

"परत फिरायचं तर फिरू," ते म्हणाले. ह्या वेळी त्यांनी आपणहून काही ठरवलं नाही. विचारलं.

बाईनं दार उघडलं, पाय खाली ठेवला. तसाच ठेवला. एक ट्रक गेला, दुसरा गेला, दुधाची गाडी गेली. मास्तरांनी आरशात बघायचं सोडून दिलं. मग तिनं पाय आत घेतला.

"चला."

पुलाच्या मध्यावर पुढची रांग थांबली. का थांबली कुणाला ठाऊक. पुढे बस, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना कठडे. बाईनं मुठीला हात घातला. मास्तरांनी गाडी थांबलेलीच होती म्हणून काही म्हटलं नाही, श्वास मात्र घेतला नाही. कठडा इतका जवळ होता की दार चारच बोटं उघडलं असतं. तिला ते दिसत होतं. ओठ पांढरे झाले. मास्तर पाढ्याची वाट बघू लागले.

पाढा आला नाही. तिनं मूठ सोडली आणि काचेची दांडी धरली. फिरवली. काच खाली गेली, नदीचा वारा आत आला. फिरवली, काच वर आली. खाली. वर. रांग हलेपर्यंत तिनं ती काच पंचवीस-तीस वेळा खाली-वर केली. ट्रकवाला वरून बघून हसत होता. तिनं त्याच्याकडे पाहून मान हलवली, जणू कामात आहे.

लेकीच्या दारात पोचले तेव्हा आठ तासांच्या रस्त्याला अकरा तास झाले होते. लेक आवाज ऐकून कडेवर मुलीला घेऊन बाहेर आली, आणि गाडीत आई बसलेली बघून जागच्या जागी उभी राहिली. तोंडाला हात लावला. मास्तर उतरले, पाय आखडलेले, लंगडत तिच्याकडे गेले.

बाई उतरली नाही. तिनं काच खाली केली आणि दोन्ही हात बाहेर काढले. लेकीनं खिडकीतूनच पोर तिच्या हातात दिली. पोर आजीकडे बघून भोकाड पसरणार, एवढ्यात आजीनं तिचा हात दांडीवर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. काच वर गेली. काच खाली आली. पोरीनं रडायचं तोंड तसंच उघडं ठेवून वर पाहिलं.

"आई, घरात ये ना!" लेक म्हणाली.

"येते गं. थांब जरा."

काच वर गेली आणि वरच राहिली. आत दोघी काहीतरी बोलत होत्या. बाहेर ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी काचेवर बोटानं टकटक केली, "अगं, दार उघड!" म्हणून खुणावलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि आरामात सीटला मागे टेकून बसली.